तोंड लहान, पोट मोठं: चोपडा तालुक्यातल्या एका जखमेचं प्रकरण

नानांच्या जखमेत २३ जूनला साडेतीन मिलिलिटर सलाईन मावलं. बाहेरून पाहिलं तर तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं एक तोंड होतं: २.८ सेंटिमीटर लांब, २.२ रुंद. खोली १.१ सेंटिमीटर. पण बोथट सळई आत सरकवली तेव्हा ती कातडीखालून तळव्याच्या खोबणीच्या दिशेने अडीच सेंटिमीटर गेली. वर निबर कातडी आणि खाली रिकामा कप्पा. सुई नसलेल्या सिरिंजने सलाईन भरत गेलो आणि ते काठोकाठ आलं तेव्हा सिरिंजवरचा आकडा वहीत लिहिला. पुढचे साडेतीन महिने मी याच आकड्यावर नजर ठेवून होतो.

नानांच्या परवानगीने हे लिहितो आहे. त्यांचं नाव आणि गाव गाळलं आहे, बाकी सगळं जसं घडलं तसं आहे. वय ५८, चोपडा तालुक्यातले केळी उत्पादक, १४ वर्षांपासून मधुमेह. मी तालुक्याच्या गावी शस्त्रक्रियेचं छोटं रुग्णालय चालवतो. आमच्याकडे मधुमेही पायांची रांग कधी संपत नाही. त्यातल्या बऱ्याच पायांची गोष्ट एकाच जागी अडते. औषध चांगलं असतं, पण ते जखमेत टिकत नाही. नानांच्या निमित्ताने मला त्या अडलेल्या जागेबद्दल बोलायचं आहे.

आखाजी ते जून

सुरुवात आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी झाली. पितरांची घागर पुजायची म्हणून नाना दुपारी अनवाणी अंगणात गेले. फरशी तापलेली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, आणि उन्हातली फरशी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ज्याच्या पायाला जाणीव आहे तो पाऊल टेकताच उडी मारून सावलीत जातो. नाना पूजा होईपर्यंत उभे राहिले. संध्याकाळी सुनेला त्यांच्या तळपायावर फोड दिसला. तोवर घरात कुणालाच काही कळलं नव्हतं, नानांनाही नाही.

माझ्याकडे आले तेव्हाही त्यांचा एकच मुद्दा होता: "दुखस नही ना डॉक्टरसाहेब, मंग कसानी चिंता?" हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकलं की आधी पोटात गोळा येतो. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन धाग्याने त्यांच्या तळव्याची जाणीव तपासली. बहुतेक ठिकाणी त्यांना काहीच लागलं नाही.

मधल्या सात आठवड्यांत काय झालं तेही सांगायला हवं, कारण या प्रकरणाचा अर्धा धडा तिथेच आहे. आधी हळद आणि तेल. मग गावातल्या दवाखान्यात रोजची पट्टी. मग एका डॉक्टरांनी ग्रोथ फॅक्टरचं जेल लिहून दिलं. ते औषध चुकीचं नव्हतं. पेशींना बोलावणारं, त्यांना वाढायला लावणारं हे प्रथिन असतं. प्लेटलेटमधून मिळणाऱ्या अशा एका घटकाचं, बेकॅप्लर्मिनचं जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी मंजूर झालं आणि अशा प्रकारची जेल भारतातही मिळतात. पण प्रथिनाला थंडावा लागतो, फ्रीज लागतो. नानांच्या घरी ती ट्यूब देवळीत ठेवलेली होती, मे महिन्यात, भारनियमनाच्या दिवसांत. त्यातलं प्रथिन किती शाबूत राहिलं असेल याचा अंदाज कुणीही करावा. शिवाय जेल लावलं जायचं तोंडावर. आतल्या कप्प्यातून लस पाझरायची, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की सगळं जेल गॉजला लागून बाहेर यायचं. महागडी ट्यूब संपली. कप्प्याच्या तळापर्यंत त्यातला एक थेंब तरी पोहोचला असेल असं मला वाटत नाही.

तपासणीत काय निघालं

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी १०.२. हिमोग्लोबिन १०.९. घोट्याजवळच्या आणि दंडावरच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९४. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की हे गुणोत्तर फसवं चांगलं येतं, म्हणून डॉपलर यंत्रावर रक्तप्रवाहाचा आवाजही ऐकला, तो समाधानकारक होता. रक्त पोहोचत होतं. सळईला हाड लागलं नाही, एक्स-रेत हाड कुरतडल्याची खूण नव्हती. भोवती थोडी लाली आणि ऊब, आत पिवळा थर. मधुमेही जखमांच्या वॅग्नर प्रतवारीत दुसरी पायरी: खोल, पण हाडात संसर्ग नसलेली.

पहिले चार आठवडे मी कुठलीही नवी गोष्ट केली नाही. मेलेली कातडी आणि भोवतीचा घट्टा कापून काढला, दर आठवड्याला पुन्हा काढला. संसर्गासाठी दहा दिवस गोळ्या. मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन सुरू केलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पायावरचा भार काढण्यासाठी पूर्ण तळव्याला बसणारं प्लास्टर घातलं. या प्लास्टरचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी ते वापरलं आणि साठच्या दशकात अमेरिकेत नेलं. आज जगभर मधुमेही पायाच्या तळव्याच्या जखमेला यापेक्षा भरवशाचा उपाय नाही. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही, म्हणून तो प्रत्येक पावलाला आपलीच जखम ठेचत राहतो. प्लास्टर त्याच्या वतीने लंगडतं.

आहारात फार शिकवावं लागलं नाही. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळलेला, घरात रोजची होती. मावशींना, म्हणजे नानांच्या पत्नीला, एवढंच सांगितलं की नानांच्या ताटात भाकरी कमी आणि डाळ जास्त वाढा, आणि चालत असेल तर अंडं द्या.

चार आठवड्यांनी, २१ जुलैला, जखमेचं तोंड पारदर्शक कागदावर आखून मोजलं. क्षेत्र २८ टक्क्यांनी कमी झालं होतं. आतली पोकळी साडेतीनवरून तीन मिलिलिटर. ही सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. शीहान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं होतं की चार आठवड्यांत क्षेत्र साधारण निम्म्याने घटलेल्या मधुमेही पायांपैकी ५८ टक्के बाराव्या आठवड्यापर्यंत भरले, त्याहून कमी घटलेल्यांपैकी फक्त ९ टक्के. नाना दुसऱ्या गटात होते. आणि नऊ टक्क्यांच्या आशेवर वाट बघणं म्हणजे आधी बोट कापायचं, मग पाऊल, असा तो रस्ता असतो. मी तो रस्ता फार जणांबरोबर चाललो आहे.

पोकळीला काय द्यायचं

पहिला प्रश्न कुणीही शल्यचिकित्सक विचारेल: वरची कातडी कापून पोकळी उघडी का केली नाही? मेलेले काठ मी कापलेच होते. पण कप्प्यावरची उरलेली कातडी जिवंत होती, कापताना ताजं रक्त येत होतं. ती तळव्याची मूळ कातडी आहे, जाड आणि भार झेलणारी. ती काढली असती तर खालचा स्नायुबंध उघडा पडला असता आणि तिच्या जागी आयुष्यभरासाठी पातळ व्रण आला असता. मला ती वाचवायची होती. निर्वात दाबाची पट्टी हा दुसरा मार्ग होता, पण त्यासाठी दाखल राहायला नाना तयार नव्हते आणि खर्चही झेपणारा नव्हता.

जुनाट जखमेच्या आत नेमकं काय बिघडलेलं असतं हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या जखमेत आधी रक्त गोठतं, काही दिवस ती सुजते, मग भरायला लागते. मधुमेही जखम सुजेच्या टप्प्यावर अडकते. तिथे प्रथिनं तोडणारी एन्झाइम, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची, उतू जातात. नव्या पेशींना ज्या जाळ्यावर चढायचं ते जाळंही ही एन्झाइम कुरतडतात आणि बाहेरून दिलेला ग्रोथ फॅक्टरही. मोकळा ग्रोथ फॅक्टर अशा जागी फार तर काही तास टिकतो. म्हणून क्यूबात हेबरप्रॉट-पी या नावाने २००६ पासून वापरात असलेला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर जखमेवर लावत नाहीत, सुईने जखमेच्या काठात आणि तळात टोचतात, आठवड्यातून तीनदा, ७५ मायक्रोग्रॅम. पोहोचवण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला. टिकवण्याचा प्रश्न मात्र वारंवार टोचूनच भागवावा लागतो.

टिकवण्यासाठी वाहक लागतो. जगभरच्या प्रयोगशाळांत गेली पंचवीस-तीस वर्षं यावरच काम चाललं आहे: सुईतून जाईल इतका पातळ, आत गेल्यावर पोकळीचा आकार घेऊन घट्ट होईल असा, आपल्यातलं औषध सावकाश सोडणारा आणि शेवटी स्वतः विरघळून जाणारा पदार्थ. कोलॅजन, हायलुरोनिक आम्ल, कायटोसन, अल्जिनेट, जिलेटिन, फायब्रिन. आधी भोक पडेल तसा तुकडा कापून बसवायचा, तो कोपऱ्यात पोहोचायचा नाही. द्रव कोपऱ्याकोपऱ्यात जातो. नानांच्या कप्प्यासारख्या वाकड्यातिकड्या जागेला याहून योग्य काही नाही.

हे सगळं मी नानांना आणि त्यांच्या मुलाला टेबलावर कागद घेऊन समजावत होतो. युरिया फेकून मोकाट पाणी सोडलं तर काय होतं ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत. बराच युरिया मुळांच्या खाली निघून जातो. म्हटलं, पट्टीवरचं जेल तसं होतं. आता मुळाशी, थोडं थोडं, बरेच दिवस द्यायचं आहे. नाना कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हाई ते ठिबक शे!" ज्या जिल्ह्यात केळीला खतसुद्धा ठिबकच्या नळीतून जातं, तिथल्या माणसाला आणखी समजवायचं उरलं नाही.

मी निवडला फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना धाग्यांचं जाळं विणणारं प्रथिन, आणि तोही नानांच्याच रक्तातला. याची कारणं सांगतो, कारण निवड खर्चापायी केली एवढंच खरं नाही.

वाचताना ज्या जेलनी मला भुरळ घातली त्यांपैकी बरीच तापमानावर चालतात. थंड असताना पातळ, शरीराच्या ३७ अंशांवर घट्ट. कायटोसनची अशी जेल या शतकाच्या सुरुवातीपासून अभ्यासात आहेत. कल्पना सुंदर आहे. पण ती वीस-पंचवीस अंशांच्या प्रयोगशाळेत जन्मली आहे. आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत वीज गेल्यावर मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असतो. तिथे ते जेल रुग्णाच्या पायात जाण्याआधी ट्रेमधल्या सिरिंजमध्येच घट्ट होईल. खान्देशात वापरायच्या वाहकाची पहिली परीक्षा इथल्या उन्हाळ्याने घ्यायला हवी, आणि ती घेतल्याचं मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

दुसरं कारण पुराव्याचं. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून २०१५ मध्ये सूक्ष्म मण्यांच्या जेलवर काम प्रसिद्ध झालं. मणी टोचायचे, ते आत एकमेकांना चिकटतात आणि मध्ये फटी उरतात, पेशी त्या फटींतून लगेच आत शिरतात. साध्या जेलमध्ये मात्र पेशींना वाट स्वतः पोखरून काढावी लागते. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते उंदरांवरचं होतं, आणि उंदराची कातडी आपल्यासारखी भरत नाही. तिच्याखाली पातळ स्नायूचा थर असतो, तो जखम ओढून मिटवतो. आपली जखम तळातून मांस भरून आणि काठाने कातडी सरकून भरते. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक म्हणूनच उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनचं कडं शिवतात. तरीही उंदराच्या पाठीवरून नानांच्या तळव्यापर्यंतचं अंतर मोठं आहे.

माणसांवरच्या पुराव्यात फायब्रिनची बाजू जरा बरी आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन यांची चकती जखमेवर ठेवण्याची मोठी चाचणी ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चिवट जखमांचे २६९ रुग्ण. वीस आठवड्यांत चकती ठेवलेल्यांपैकी ३४ टक्के भरल्या, नुसती चांगली शुश्रूषा मिळालेल्यांपैकी २२ टक्के. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. दोन तृतीयांश जखमा चकतीनंतरही भरल्या नव्हत्या, हे मी नानांच्या मुलाला स्पष्ट सांगितलं. आणि हेही सांगितलं की ती चकती होती, आपण टोचणार आहोत ते द्रव रूप आहे, त्याचा मधुमेही पायावरचा पुरावा याहून तोकडा आहे. त्याने विचारलं, "तुमच्या वडिलांना केलं असतं का?" मी हो म्हणालो. संमतीच्या कागदावर सही नानांनी स्वतः केली.

करण्याची रीत, आणि माझी चूक

द्रव फायब्रिन बनवायला फार काही लागत नाही. रक्त न गोठवणारं औषध घालायचं नाही. साध्या प्लास्टिकच्या नळीत नऊ मिलिलिटर रक्त, अगदी हलक्या गतीने तीन मिनिटं फिरवायचं. जड लाल पेशी खाली बसतात, वर नारिंगी-पिवळा थर उरतो: प्लेटलेट, पांढऱ्या पेशी आणि अजून न गोठलेलं फायब्रिनोजेन. एका नळीतून जेमतेम एक मिलिलिटर मिळतं. ते पंधरा-वीस मिनिटं पातळ राहतं. तेवढ्यात ते ओढून घेऊन टोचायचं. आत गेल्यावर थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम फायब्रिनोजेनचे धागे विणतं आणि प्लेटलेट त्या जाळ्यात अडकून आपल्याकडचे ग्रोथ फॅक्टर कित्येक दिवस सोडत राहतात. फायब्रिनच्या रेणूत एक जागा अशी आहे की ती हे ग्रोथ फॅक्टर धरून ठेवते. म्हणजे इथे पाणीही तेच आणि नळीही तीच.

पुस्तकात मिनिटाला ७०० फेरे लिहिलेले असतात. ते आंधळेपणाने घेऊ नयेत. ७०० फेरे हे ११ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रासाठी, तिथे गुरुत्वाच्या साधारण ६० पट जोर पडतो. आमच्या लॅबच्या यंत्राची त्रिज्या १५ आहे. तिथे तेवढ्याच जोरासाठी ६०० फेरे पुरतात. जास्त फिरवलं की प्लेटलेटही खाली जातात आणि वर नुसतं पिवळं पाणी उरतं.

२२ जुलैचा पहिला प्रयत्न फसला आणि तो माझ्यामुळे फसला. मी सिस्टरना लाल टोपीच्या नळ्या घ्या एवढंच सांगितलं. आमच्याकडच्या लाल टोपीच्या नळ्यांत रक्त लवकर गोठावं म्हणून आतून सिलिकाचा लेप असतो. यंत्र थांबेपर्यंत चारही नळ्यांत घट्ट गोळे झाले होते. नानांचं ३६ मिलिलिटर रक्त वाया गेलं, हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या माणसाचं. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली आणि कपाटावर कागद चिकटवला: टोचायचं असेल तर बिनलेपाची पांढरी नळी, झाकायचं असेल तर लेपाची लाल. कारण गोठलेला गोळाही निरुपयोगी नसतो. दाबून त्याचं पातळ पटल करता येतं आणि ते जखमेच्या तोंडावर झाकणासारखं बसतं.

२४ जुलैला नीट झालं. आधी कप्प्याचा तळ खरवडून ताजं रक्त येईपर्यंत साफ केला. मग नुसत्या सलाईनने धुतलं. शेवटच्या धुण्यात पोव्हिडोन आयोडीन वापरलं नाही, कारण ज्या पेशी आपण आत सोडणार त्यांनाच ते मारतं. गॉजने कोरडं केलं. कप्प्यात संसर्ग नाही याची खात्री आधीच्या कल्चरने, म्हणजे जंतूंच्या तपासणीने, केली होती. हे फार महत्त्वाचं आहे: संसर्ग असलेल्या बंद पोकळीत फायब्रिन भरणं म्हणजे जंतूंना जेवण वाढणं. बोथट सुईने अगदी तळापासून मागे येत येत तीन मिलिलिटर भरलं, उरलेलं काठांत टोचलं. नाना पंधरा मिनिटं पाय वर करून पडून राहिले. मग तोंडावर पटल, वर न चिकटणारी पट्टी, वर प्लास्टर.

पाऊस

२९ जुलैला ते आले तेव्हा प्लास्टर लगदा झालं होतं. चार दिवस पावसाने झोडपलं होतं, बागेत पाणी तुंबलं होतं, आणि नाना चर काढायला स्वतः उतरले होते. पायाची कातडी पांढरी फटक, सुरकुतलेली. फायब्रिनचा मागमूस नव्हता. पोकळीत २.९ मिलिलिटर मावलं. म्हणजे पहिल्या इंजेक्शनाने काहीही साधलं नाही.

मी रागावलो नाही, पण मला वाईट वाटलं आणि ते मी बोलून दाखवलं. केळीच्या बागेत पाणी साचलं तर कंद सडतो. ज्याची वर्षाची कमाई त्या कंदांत आहे त्याला घरी बस म्हणणं सोपं नाही. पण मुलाने तिथल्या तिथे बाग आपल्याकडे घेतली. मी प्लास्टरऐवजी घोट्याच्या वरपर्यंतचा बूट दिला आणि तो काढता येऊ नये म्हणून वरून पट्टीने बंद केला. कातडी वाळेपर्यंत आणि कल्चर स्वच्छ येईपर्यंत थांबलो. दुसरं इंजेक्शन ५ ऑगस्टला, पुढची १२, १९ आणि २६ ला.

मध्ये कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई बसते आणि सोमवारी नाचत-गात नदीवर जाते. नानांच्या घरचे रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, भाऊबंदांत मोठे. "कानबाईले पायमा पायतन घालीसन कसं जाऊ?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला तेव्हा त्यांच्या आवाजात दुखणाऱ्या पायाहून मोठं दुखणं होतं. मी त्यांना देवाबद्दल काही सांगायला गेलो नाही, तो माझा अधिकार नाही. मावशींनीच मार्ग काढला. कानबाई निघाली तेव्हा नाना ओट्यावर खुर्चीत, पाय पाटावर, आणि मिरवणूक त्यांच्यापुढे थांबली. नारळाला हात त्यांनी बसूनच लावला. मुलाने त्याचा फोटो मला पाठवला. त्या फोटोत बुटावरची पट्टी शाबूत आहे, हे मी सगळ्यात आधी पाहिलं.

आकडे, आणि त्यांचा अर्थ

५ ऑगस्टला पोकळी २.९ मिलिलिटर. १२ ला २.१. १९ ला १.३. २६ ला ०.६. ४ सप्टेंबरला सळई कातडीखाली कुठेच सरकली नाही. कप्प्याची वरची कातडी खालच्या नव्या मांसाला चिकटली होती. उरली होती १.६ बाय १.१ ची उथळ जखम. तिच्यासाठी आणखी फायब्रिन दिलं नाही, नुसती ओलसर पट्टी आणि बंद बूट. ६ ऑक्टोबरला ती पूर्ण झाकली गेली. पहिल्या भेटीपासून पंधरा आठवडे.

आता हे कशामुळे झालं? माझं मन म्हणतं फायब्रिनने, आणि म्हणूनच मनाला आवरावं लागतं. ५ ऑगस्टपासून एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या. भार खऱ्या अर्थाने निघाला होता. उपाशीपोटीची साखर पहिल्यांदाच १४० च्या खाली टिकली होती. आणि इंजेक्शनं नीट बसत होती. एका पायावरून यातलं कुठलं किती, हे वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र या वहीतून दिसतं की पहिलं इंजेक्शन, तेच रक्त, तीच रीत, ओल्या प्लास्टरच्या आठवड्यात शून्यावर गेलं. आणि आधीचे चार आठवडे प्लास्टर आणि सफाई मिळूनही पोकळी फक्त अर्ध्या मिलिलिटरने घटली होती. माझा अंदाज असा की भार काढल्याने जखम भरण्याजोगी झाली, आणि फायब्रिनने आतल्या दोन भिंतींना एकमेकींना धरायला काहीतरी दिलं. पोकळी भरताना हेच अडतं: समोरासमोरच्या भिंती ओल्या असतात, हलतात, त्यांच्यामध्ये लस साचते, म्हणून त्या जुळत नाहीत. हा अंदाज आहे, सिद्धान्त नाही.

माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. रक्तपुरवठा अपुरा असेल, हाडात संसर्ग असेल, किंवा जखमेचा काठ कर्करोगासारखा वाटत असेल, तर यातलं काही टोचू नये. तिथे आधी जळगाव-धुळ्याला किंवा मुंबईला पाठवावं आणि कर्करोगाचा संशय असल्यास काठाचा तुकडा तपासावा. आणि खर्च: नळ्या, सुया, पट्टी धरून एका वेळेला काही शे रुपये. देवळीत वाया गेलेल्या त्या एका ट्यूबच्या किमतीत नानांची सगळी इंजेक्शनं झाली असती.

बरी झालेली जखम मूळ कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही, ताकद फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. आणि मधुमेही पायाची जखम भरल्यावर वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांना पुन्हा जखम होते. म्हणून नानांना एमसीआर या मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल करून दिली, एक बाहेरची आणि एक घरातली. सून रोज रात्री तळवे बघते आणि हात फिरवून ऊब तपासते. मार्चमध्ये जुन्या व्रणाच्या कडेला घट्टा आला होता, तो तासला, आत रक्ताचा डाग नव्हता. या आखाजीला घागर त्यांनी ओसरीतच पुजली, घरातली चप्पल पायात ठेवून. पुढची तारीख २० जून, पेरणीच्या आधी.